विहीणबाईंसाठी बांधलेलं खोकं

नको असलेली भेट पुढे सरकवणं हा काही गुन्हा नव्हे. दुकानात भेटवस्तू बांधून देण्याच्या काउंटरवर बसून मामीनं हे केव्हाच मान्य केलं होतं. लोक घरून जुनी खोकी आणत, नावाची चिठ्ठी खरवडलेली असे, आणि न विचारताच सांगत, ‘कालच घेतलं हो.’ मामी हसून कागद कापायची. नियम एवढाच, की ज्यानं वस्तू दिली त्याच्या नजरेला ती पडू देऊ नये. तेवढी लाज पाळली की झालं.

नणंदबाईंना तेवढीही पाळता आली नाही. खरं तर घोटाळा केला त्यांच्या यजमानांनी. एका सकाळी भाऊजी खोकं घेऊन काउंटरवर हजर.

“ही म्हणाली, कुठल्यातरी चांगल्या दुकानात बांधून आण. म्हटलं, घरचं माणूस असताना दुसरीकडे कशाला? विहीणबाईंना द्यायचंय. उद्या चहाला येतायत, तूही ये. संध्याकाळी नेतो हे.”

भाऊजी म्हणजे देवमाणूस. आत काय आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते गेल्यावर मामीनं झाकण उचललं. आत तिचीच चादर होती. निळ्या सुती कापडावर पांढऱ्या दोऱ्याची वेल. नणंदबाईंच्या नव्या घरासाठी तिनं अख्खा हिवाळा खपून ती भरली होती, चष्मा लागला तोही तेव्हाच. घडी तिनं घातली तशीच होती. एकदा उलगडून बघण्याचे कष्टही कुणी घेतले नव्हते.

मामीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि स्वतः काय द्यायच्या या बाई? एकदा थर्मास दिला, त्यावर झाकण दुसऱ्याच थर्मासचं. लग्नाच्या गेल्या वाढदिवसाला तर चक्क पायपुसणं. त्याच्या मागे ठसठशीत शिक्का, ‘साबणासोबत मोफत, विक्रीसाठी नाही’. वर चारचौघांत उपदेश, “माणसानं उपयोगाची वस्तू द्यावी गं. भरतकाम-बिरतकाम नुसतं बघायला.”

जेवणाच्या सुट्टीत मामी घरी गेली. जेवली नाही. चादर कपाटात ठेवली आणि ते पायपुसणं पिशवीत घालून परत आली.

ठमी आठवली नाही असं नाही. नणंदबाईंची ही एकुलती एक लेक शाळा सुटली की मामीकडेच यायची, तिथेच जेवायची, तिथेच झोपी जायची. ज्याच्याशी आता लग्न ठरलं होतं, त्या मुलाबद्दल तिनं आईच्या आधी मामीला सांगितलं होतं. मुलाची आई नाकावर माशी बसू न देणारी. तिच्याकडून होकार मिळवता मिळवता पोरगी अर्धी झाली होती. पण रागाला कधी कारणं कमी पडतात? ठरलेलं लग्न काही मोडत नाही, मामीनं स्वतःची समजूत घातली. विहीण फुगेल ती नणंदेवर. फुगू दे. एकदा तरी या बाईचं नाक कापलं जाऊ दे.

इतकं देखणं खोकं तिनं आजवर कुणाला बांधून दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई मुलाला घेऊन आल्या. चहा झाला आणि नणंदबाईंनी खोकं पुढे केलं. “घरी गेल्यावर निवांत उघडा हं.”

“छे, इतकं सुंदर बांधलंय, मला नाही धीर धरवत,” म्हणत विहीणबाईंनी रिबन सोडली. मामी समोरच बसली होती. नणंदबाईंचा चेहरा नीट दिसेल अशी खुर्ची तिनं आधीच धरून ठेवली होती.

पायपुसणं विहीणबाईंच्या मांडीवर आलं. त्यांनी ते उलटं केलं, शिक्का वाचला, आणि मोठ्यानं वाचला. नणंदबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांची नजर सावकाश वर आली आणि नेमकी मामीवर थांबली. त्यांना सगळं कळलं होतं. मामीला अगदी गार वाटलं.

“काकू, माझी चूक,” ठमी उभी राहिली. “भेट मी आणली होती. घाईत भलतंच खोकं बांधायला दिलं. आईला यातलं काहीच माहीत नाही.”

“तू आणलंस?” विहीणबाईंनी पायपुसण्याची शांतपणे घडी घातली. “बरं झालं, आत्ताच कळलं. आमच्या घरात माझी जागा कुठे असणार, ते.”

मुलगा कपात बघत बसला. ठमी मान खाली घालून उभीच, कान लाल झालेले. भाऊजी गोंधळून एकदा बायकोकडे, एकदा मामीकडे बघत होते.

‘हे हिनं बांधलंय’ एवढंच नणंदबाईंनी म्हणायचं होतं. पण मग आत मुळात काय होतं, कुणी दिलेलं होतं, हेही बाहेर आलं असतं. ‘हे मी केलं’ एवढंच मामीनं म्हणायचं होतं. ठमीनं मान वर केली आणि आळीपाळीनं दोघींकडे पाहिलं. मामीनं चहाचा घोट घेतला. नणंदबाईंनी बशीतलं बिस्किट उचललं. मामी लग्न होऊन आल्यापासून त्या दोघींचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं ते हे पहिल्यांदाच.