धुळ्यात रुतलेला रोलर

जळगावच्या लॉन टेनिस क्लबच्या नावात लॉन असलं, तरी कोर्टावर गवत कधीच नव्हतं. मुरूम, माती, शेणाचा सडा आणि त्यावरून फिरणारा दगडी रोलर, एवढ्यावर कोर्ट चालत आलं. तो रोलर मात्र एकट्या जळगावचा नाही. इंग्रजी अंमलात जळगाव आणि धुळ्याच्या क्लबांनी मिळून तो घडवून घेतला आणि लगेच त्यावरून भांडण सुरू झालं. जुन्या मंडळींनी तोडगा काढला: दर हिवाळ्यात दुहेरीचा एक सामना. रोलर ज्याच्याकडे, सामना त्याच्याच कोर्टावर. जिंकेल त्याने रोलर न्यायचा, हरेल त्याने भरीत-पुरी खाऊ घालायची.

गेली तीन वर्षं रोलर धुळ्यातच होता. तिथलं कोर्ट आता सिमेंटचं आहे, त्यामुळे रोलरचा उपयोग फक्त मिरवण्यापुरता. इकडे जळगावचं कोर्ट उखडत गेलं. शेवटी कमिटीने ठरवलं, यंदा रोलर आला नाही तर संक्रांतीनंतर आपणही सिमेंट टाकायचं.

सेक्रेटरी हबीब यांनी यावर वाद घातला नाही. मेहरूण भागात त्यांचं फर्निचरचं दुकान आहे. साठी उलटली आहे, दोन्ही गुडघे कुरकुरतात. मातीवर खेळा, सिमेंटवर कायम खेळणार असाल तर रॅकेट विकून टाका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे खेळ टिकवायला एकदा सिमेंटवर जिंकणं भाग होतं.

त्यांची जोडीदार पुनम बँकेत अधिकारी. धुळ्यात कोर्टावर उतरताना ती म्हणाली, "चाचा, तुम्ही नेटजवळून हलू नका. मागचं सगळं माझं."

समोर नवलनाना होते. सरकारी नोकरीत जन्मभर पूल बांधून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांच्यासोबत कॉलेजातले प्राध्यापक दीपक.

"हबीबभाऊ, चौकात पुतळा बसवायला परवानगी लागते!" नाना ओरडले.

"अनावरण तुमच्याच हातून करू, नाना."

नाना शहाणपणाने हबीबच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकत राहिले आणि पुनम धावून धावून ते परतवत राहिली. सामना शेवटच्या गुणावर आला. तेव्हा मात्र नानांना मोह आवरला नाही. त्यांनी सरळ पुतळ्यावरच फटका हाणला. हबीबनी फक्त रॅकेट पुढे धरली. चेंडू नेटच्या पलीकडे अलगद पडला आणि तिथेच मेला.

जळगावकर नाचत टेम्पो घेऊन फाटकाशी गेले. रोलर तिथे पांढरा रंग लावून चौथऱ्यावर बसवलेला होता. खाली संगमरवरी पाटी: 'धुळे क्लबचा कायमचा मानबिंदू'. रोलरच्या लोखंडी दांड्याचं टोक काँक्रीटमध्ये गडप झालेलं.

"हे कोणी केलं?" पुनमने विचारलं.

सगळे नानांकडे पाहू लागले.

"सळया टाकल्यात?" हबीबनी विचारलं.

"दुहेरी," नाना हळूच म्हणाले. "मी बांधलेलं आजवर काही हललेलं नाही."

दीपक मध्ये पडले. "राहू द्या ना हा. आम्ही तुम्हाला नवा घेऊन देतो."

"नवा चालेल," हबीब म्हणाले. "माझ्या कोर्टाचं भागेल. पण पुढच्या हिवाळ्यात नाना आमच्याकडे काय न्यायला येणार?"

नानांनी शेजारच्या बांधकामावरून काँक्रीट फोडायचा ब्रेकर मागवला आणि कोट काढून दीपकच्या हातात दिला.

"बठ्ठे मांगे सरका! कोठे फोडनं, ते मालेच माहीत शे." नाना अहिराणीवर आले, तसे सगळे मागे सरकले.

भरीत गार झालं, पुऱ्या वातड झाल्या, तरी कोणी जेवायला बसलं नाही. अखेर रोलर टेम्पोत चढला तेव्हा दांड्याला काँक्रीटचा एक गोळा आणि पाटीचा तुकडा चिकटलेला होता. तुकड्यावर एवढंच उरलं होतं: 'कायमचा'.

संक्रांतीनंतर नाना 'सहज' जळगावला आले. मुरूम-मातीच्या ताज्या कोर्टावर रोलर फिरत होता. त्यांनी वाकून पाहिलं, उतार चुकल्याचं सांगितलं आणि स्वतःच दांडा ओढायला घेतला.

"हबीबभाऊ, इंजिनिअर म्हणून सांगतो, सिमेंट टाका. अगदी पक्कं काम होतं."

"पाहिलंय, नाना," हबीब म्हणाले. "तुम्ही ओढा."