पासलीच्या नावावरचा पाऊस

आंबवड्याच्या शाळेच्या गच्चीवर माझा सहकारी अभिषेकने आदल्या दिवशी पर्जन्यमापक बसवलं होतं, पण गावोगावचा पाऊस दाखवणाऱ्या आमच्या संस्थेच्या वेबपानावर आंबवडे हे नावच उमटत नव्हतं. म्हणून मी निघाले.

कापूरहोळला वळतानाच पासलीहून कमळाबाईंचा फोन आला. त्यांचं घर डोंगराच्या अगदी पायथ्याशी. पाऊस शंभर मिलिमीटरच्या वर गेला की पायथ्याच्या घरांनी दरडीच्या भीतीने गावातल्या शाळेत जायचं, असं ठरलेलं.

"ताई, लई पडतोय. जावं का शाळंत?"

मी गाडी बाजूला घेऊन मोबाईलवर पान उघडलं. पासली, सकाळपासून सहा मिलिमीटर. बघता बघता आकडा चौऱ्याण्णव झाला आणि मिनिटभरात पुन्हा सहावर आला. यंत्राची चूक, मी ठरवून टाकलं. लई म्हणजे किती, हे कळायलाच तर पासलीतही ते बसवलं होतं.

"गरज नाही, मावशी. घरीच थांबा."

आंबवड्यात नुसती भुरभुर होती. शाळेची किल्ली सांभाळणारे साहेबरावकाका माझ्यासाठी खुर्ची पुसत म्हणाले, "पाऊसच न्हाई, तर तुमचं यंत्र काय सांगनार?"

यंत्राच्या पेटीत छोटा संगणक असतो. त्याला लॅपटॉपची तार जोडली. काळ्या पडद्यावर ओळ आली आणि त्या ओळीत नाव होतं, pasli.

चुकून नेटवरून पासलीच्या यंत्रात शिरले की काय? पण तार समोरच्याच पेटीत होती. संगणकाला त्याचं नाव विचारायला मी hostname लिहून एंटर दाबलं. खाली उत्तर आलं:

pasli

अभिषेकने पासलीच्या संगणकाच्या मेमरी कार्डाची जशीच्या तशी नक्कल करून इथे घातली होती. नाव बदलायचं राहिलं होतं. दोन गावांतली दोन यंत्रं एकच नाव सांगत होती, म्हणून दोघांचे आकडे पासलीच्याच नावावर पडत होते. इथे रेंज चांगली, म्हणून हे दर मिनिटाला बोलत होतं. पासलीत रेंज जेमतेम, ते कधीतरीच. ते एकदाच बोललं होतं, चौऱ्याण्णव. आणि मी त्यालाच चूक ठरवलं होतं.

सहा मिलिमीटर इथल्या गच्चीवरचे होते.

कमळाबाईंचा फोन लागेना. पुन्हा लावला. लागेना.

"ताई, काय झालं? त्वांड पांढरं पडलंय तुमचं," काका म्हणाले.

"काका, या नंबरावर फोन लावत राहा. थांबू नका." त्यांच्या हातात मोबाईल देऊन मी यंत्राचं नाव बदलणारी ओळ लिहिली:

sudo hostnamectl set-hostname ambavade

अक्षरं दोनदा चुकली. मग आकडे पाठवणारा प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. लॅपटॉपवरच्या पानावर आंबवडे उमटलं, सहा. पासली मोकळी झाली, आणि जरा वेळाने तिथे तिचा स्वतःचा आकडा आला. एकशे अडुसष्ट.

"लागला!" काका ओरडले.

"मावशी, आत्ताच्या आत्ता शाळेत जा. पायथ्याची सगळी घरं!"

"मगा तर ऱ्हावा म्हनलात."

"चुकलं माझं. मी तुमचा पाऊस बघतच नव्हते."

"मग कुनाचा बगत व्हता?"

"आंबवड्याचा."

पलीकडे त्या कुणावर तरी ओरडल्या, "रखमाजी, म्हस सोड! आदी म्हस सोड!" फोन तुटला.

काकांनी चहा आणला. मी पानावरचा पासलीचा आकडा बघत होते, चहा तसाच गार झाला.

मोबाईल वाजला तेव्हा तो त्यांनीच माझ्या कानाला लावला.

"दरड आली," कमळाबाई म्हणाल्या. "गोठा गेला. सैपाकघराची भितबी गेली."

"माणसं?"

"समदी हितं शाळंत हायती. म्हसबी हाय."

मी पायरीवर बसले. 'समदी' हा शब्द त्यांच्याकडून मी आणखी एकदा वदवून घेतला.

"ताई, येक इचारू? फुडल्या टायमाला तुमी ऱ्हावा म्हनलात, तर ऱ्हायचं का?"



"लई वाटला तर निघायचं, मावशी. मला विचारत बसायचं नाही."

"मग ते यंत्र कशाला बसिवलंय?"

"उद्या येते पासलीला. त्याचं नाव त्याच्याच तोंडून ऐकते, मग सांगते."

"या की," त्या म्हणाल्या. "पर आदी रस्ता हाय का ते बगा. पासलीचा बगा हां."