चकत्यांचा मळ

साठी उलटलेल्या माणसाने काय करावं? गुडघे सांभाळावेत, गोळ्या वेळेवर घ्याव्यात आणि बायकोच्या पायात पायात येऊ नये. आईसाहेबांच्या नवरोबांनी यातलं एकही न करता जुगाराच्या चकत्या जमवायला घेतल्या होत्या. बरं, गुपचूप जमवाव्यात! पण हे गृहस्थ घरच्या लाँड्रीत, भर दुकानात इस्त्रीच्या टेबलावर त्या मांडून बसत आणि लोकांचे शर्ट बिचारे ढिगात ताटकळत.

"चकत्या नाही गं, चिपा म्हणायचं," नवरोबा समजावत. "कॅसिनोत पैशांऐवजी या मांडून खेळतात."

"आणि ज्यांना खेळायचं नसतं ते इस्त्रीच्या टेबलावर मांडतात. कळलं."

घरात आणि लाँड्रीत सगळे त्यांना आईसाहेब म्हणत, सूनसुद्धा. शाळेत त्या जेमतेम चार वर्षं गेल्या असतील, पण डाग वाचण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. हा गंज, ही शाई, आणि ही लिपस्टिक बायकोची नाही, हे कपडा हातात आल्याआल्या त्यांना कळे. शेवटचं त्या फक्त सुनेला सांगत.

नवरोबांचं खूळ एका जाकिटापासून सुरू झालं. कॅसिनोत पत्ते वाटणारी एक बाई आपली कामावरची जाकिटं धुवायला टाकायची. एकाच्या खिशात लाल चिप निघाली. खिशात निघेल ते पुडीत बांधून कपड्यालाच टाचायचं, हा लाँड्रीचा नियम. नवरोबांनी टाचली. बाई हसली. "ठेवा काका तुम्हालाच. तो कॅसिनो कधीचा बंद पडला, आता तिथे सोफे विकतात."

झालं! काका कामातून गेले. एखादं गिऱ्हाईक सहलीहून परतलं की कपडे घ्यायच्या आधी यांचा प्रश्न, "कॅसिनोत गेला होतात का हो? एखादी उरली का खिशात?" दोन महिन्यांत अकरा जमल्या. डब्यात फ्लॅनेलचा तुकडा अंथरून त्या निजवलेल्या असत. त्यात ती पहिली लाल, सोनेरी अक्षरांची, यांचा जीव की प्राण.

अशात रविवारी चार वाजता एक जाणकार यायचे ठरले. पेशाने घड्याळजी, वीस वर्षं चिपा जमवणारे. त्यांच्याकडे शंभर वर्षांची एक चिप होती आणि लाल आवडली तर ते तिच्या बदल्यात ती देणार होते. आयुष्यातली पहिली अदलाबदल! नवरोबा सकाळीच केस कापायला गेले.

इकडे आईसाहेबांनी डबा उघडला. पाहुणे येणार आणि ही कळा? कडांवर काळपट थर, बोटांचं तेल. चार लोकांत नाक कापलं जायचं. त्यांनी अकराच्या अकरा चिपा कॉलरचा मळ काढायच्या औषधात दहा मिनिटं भिजवल्या आणि ब्रशने घासल्या. दहा लखलखीत निघाल्या. लालही निघाली, फक्त तिची सोनेरी अक्षरं पाण्यात राहिली.

नवरोबा आले. त्यांनी लाल चिप उलटली, परत सुलटी केली. "बरं," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले. ओरडले असते तर आईसाहेबांना चार शब्द सुचले असते. त्या गप्प माणसापुढे काय बोलायचं, याची सवयच नव्हती त्यांना.

चारच्या ठोक्याला घड्याळजी आले. ते बसायच्या आत आईसाहेब म्हणाल्या, "मी धुतली. यांचा काही दोष नाही. काय बोलायचं ते मला बोला."

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि सुस्कारा सोडला. "वहिनी, तो मळच तर हिचा दाखला होता. किती हातांतून फिरली ते त्यावरून कळतं. आता हिची अदलाबदल कशी करू?"

तरी आलोच आहे तर बघा म्हणून त्यांनी आपली चिप काढली. जुनाट, तपकिरी. नवरोबांनी ती दोन बोटांत धरली आणि त्यांचा चेहरा असा झाला की आईसाहेबांना बघवेना.

"लाल राहू दे," नवरोबा एकदम म्हणाले. "बाकीच्या दहाही घ्या. ही मला द्या."

"अहो!" आईसाहेब म्हणाल्या.

घड्याळजींनी दहा चिपांवरून नजर फिरवली, जरा घुटमळले आणि मान हलवली. "चालेल."

"थांबा. मला बघू द्या." आईसाहेबांनी तपकिरी चिप उजेडात नेली. फिरवली. कपाळाला आठी पडली. "भाऊजी, शर्टाची कॉलर कुठे मळते? मानेपाशी. बाही मनगटाशी. जिथे माणूस लागतं तिथे मळ. ही तुम्ही धरता कुठे? कडेला. मग मधल्या नक्षीच्या खाचेत कोणाचं बोट गेलं एवढा मळ न्यायला? हिला सगळीकडे सारखा रंग."

घड्याळजी पुन्हा भिंग चाचपू लागले.

"ओल्या फडक्याने पुसू का?" आईसाहेबांनी विचारलं. "तुम्ही म्हणालात तरच."

घड्याळजींनी हो म्हटलं. फडक्यावर तपकिरी ओघळ आला आणि खालून नवी कोरी पांढरी चिप हसली. आईसाहेबांनी फडकं नाकाशी धरलं. "चहा. बिनदुधाचा, चांगला उकळलेला."

"तासभर भिंगातून बघून मग विकत घेतली होती हो मी ही," घड्याळजी खचून म्हणाले.

"भिंगातून अक्षरं दिसत असतील. मळ नुसत्या डोळ्यांनी बघायचा असतो."

त्यांच्यासाठी चहा टाक म्हणून सुनेला हाक मारायला आईसाहेबांनी तोंड उघडलं, घड्याळजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि सरबत सांगितलं.

घड्याळजी गेले. नवरोबांनी दहा चिपा डब्यात ठेवल्या. हाती राहिलेल्या लाल चिपेवरून अंगठा फिरवत ते हळूच म्हणाले, "वाचलो खरा. पण ही गेली ती गेलीच गं."

आईसाहेब समोर येऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात.

"ऐका. ही मी घालवली. चुकलं माझं. हे परत ऐकायला मिळणार नाही, तेव्हा नीट ऐकून घ्या. यापुढे तुमच्या चिपेला माझं पाणी लागणार नाही. पण कोणी शंभर वर्षांची म्हणाला की हातातल्या दहा काढून द्यायच्या, हा धंदा बंद! आधी मला दाखवायची. जमवायची हौस तुम्हाला दांडगी आहे हो, अक्कल तेवढी माझ्याकडून घेत जा."