रखमीची जागा

रखमी काविळीने कल्याणच्या दवाखान्यात वारली. तिचा नवरा धाऊ याने तिला गाडीत घालून म्हसा गावाच्या वरच्या अंगाला, आपल्या वाडीवर आणलं, तर वाटेतच माणसं आडवी उभी होती. पुढे त्याचा थोरला भाऊ भगीरथ.

"तुमी आपला देव सोडला," भगीरथ म्हणाला. "आता आपल्या मातीत कशाला येता?"

"दादा, तुझी भावजय हाय ती."

भगीरथने मान फिरवली, पण वाटेतून हलला नाही.

धाऊ आणि रखमी चार-पाच वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाले होते. प्रार्थना घ्यायला येणारा पास्टर तक्रारी झाल्यावर यायचा बंद झाला. शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत धाऊने फोन केला, तर तुम्ही आमच्या चर्चचे नाही, एवढंच उत्तर मिळालं. गाडी मुरबाडला वळली आणि सायमन आवासकरच्या दारात थांबली.

सायमनचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. गावात ज्यूंचं हे एकच घर उरलेलं. गावाबाहेर त्याच्या घराण्याची लहानशी दफनभूमी होती. त्याची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं रखमीने केलं होतं. आई गेली त्या दिवशी आंघोळ घालायला ठाण्याहून नात्यातली एकच बाई येऊ शकली; दुसरा हात रखमीने लावला.

धाऊने काही मागितलं नाही. "काका, गाडीवाला थांबायला तयार नाय," तो म्हणाला. "कुठं ठेवू तिला?"

सायमनने ठाण्याला चुलतभावाला फोन लावला. जमीन दोघांच्या नावावर होती.

"आपल्यात दुसऱ्या धर्माच्या माणसाला पुरत नाहीत, तुला माहीत आहे," एलायजा म्हणाला. "उद्या मला तोंड दाखवू नकोस."

सायमनने फोन खिशात टाकला आणि रस्ता ओलांडून मुनाफ फक्कीच्या टायरच्या दुकानात गेला. कब्रस्तानातल्या कबरी मुनाफच खणायचा. सायमनच्या आईची कबरही त्यानेच खणली होती. पण गाझातली लढाई सुरू झाली आणि चहाच्या टपरीवर सायमन म्हणाला, "त्यांनीच सुरू केलं." मुनाफने विचारलं, "पोरांनी पण?" तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं होतं.

"तुमच्या कब्रस्तानात होईल का?" सायमनने विचारलं.

मुनाफने गाडीकडे पाहिलं, हात पुसले आणि मशिदीच्या कमिटीतल्या म्हाताऱ्यांना विचारायला गेला. परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर टिकाव आणि फावडं होतं.

"नाय म्हणाले. आधीच आपल्यावर नजरा हायेत, वाडीशी वैर नको. मला पण जाऊ नको म्हणाले." तो जरा थांबला. "तुझ्या जागेत खणू. चल."

पौषातली जमीन दगडासारखी झाली होती. दोघे आळीपाळीने खणत होते, धाऊ माती बाहेर टाकत होता. कंबरेइतकं खोल गेल्यावर मुनाफने टिकाव टेकवला.

"तुझ्या बहिणीचा नातू तिकडं इस्रायलच्या फौजेत हाय ना अजून?"

"आहे."

"जगू दे त्याला."

सायमनने खड्ड्यातला एक दगड उचलून वर ठेवला. मग म्हणाला, "मुनाफ, त्या पोरांचे फोटो मी पण बघतो. मग फोन बंद करतो."

"मी बंद नाय करत," मुनाफ म्हणाला आणि पुन्हा खणायला लागला.

खड्डा कोपऱ्यात होता, आवासकरांच्या कबरींपासून लांब. खणून झाल्यावर सायमनने मधल्या जागेत दगडांची एक ओळ लावायला घेतली.

"हे कशाला, काका?" धाऊने विचारलं.

"आमचा नियम आहे. वेगळं ठेवावं लागतं."

"वाडीवर पण हेच सांगितलं."

सायमनच्या हातात दगड तसाच राहिला. धाऊच मग म्हणाला, "असू दे. जागा तर दिली तुमी."

सायमनने तो दगड ठेवला. ओळ पुरी केली. ते करताना त्याला धाऊकडे बघवलं नाही.

तिघांनी रखमीला खाली उतरवलं. पास्टर नव्हता, म्हणून धाऊने येईल तेवढी प्रार्थना केली. मुनाफ ओंजळ पसरून उभा होता. सायमनने डोक्यावर रुमाल टाकला आणि आईसाठी म्हणायचा तेच हिब्रू शब्द पुटपुटला.

पुढच्या आठवड्यात कुणीतरी रखमीच्या कबरीवर धाऊने नुसता आडवा ठेवलेला लाकडी क्रूस मोडून फेकला आणि आवासकरांच्या कबरींवरचे दोन दगडही फोडले. पोलिसांनी जागा पाहिली आणि निघून गेले. एलायजाने आपला हिस्सा विकायला काढला. कमिटीने कबरी खणायचं काम दुसऱ्याला दिलं. धाऊ वाडीवर परतलाच नाही; वाशिंदला कारखान्यात कामाला लागला.

एका शुक्रवारी नमाज झाल्यावर मुनाफ सायमनच्या दुकानात आला. क्रूसाला खिळे मारून त्याने तो नीट केला होता. दोघे दफनभूमीत गेले. मुनाफने खड्डा केला आणि क्रूस धरून उभा राहिला.

"ह्यांच्यात डोक्याशी लावतात का पायाशी?"

"मला काय माहीत," सायमन म्हणाला.

"इतकी वर्षं पाद्र्यांच्या शाळेत शिकलास ना तू?"

"शिकलो. पण कधी विचारलं नाही."

मुनाफने त्याला फोन लावायला सांगितलं. धाऊची पाळी चालू होती. यंत्रांच्या आवाजात त्याला नीट ऐकू येईना. सायमनने पुन्हा, मोठ्याने विचारलं.

"मला बी नाय माहीत, काका," तो म्हणाला. "विचारून सांगतो. तोवर पडू देऊ नका."

मुनाफ क्रूस धरून उभाच राहिला. सायमन त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.