आजीची शिवी

“हे उलटं तर वाजत नाहीये ना?”

रेकॉर्डच्या दुकानात, संगीत ऐकत माना डोलावणाऱ्या सगळ्या दाढीवाल्या भक्तांसमोर मी हे विचारलं. पैज होती माझ्या मैत्रिणींची, तालिया आणि क्लेमची. त्या दोघी मागे चिप्स खात फिदीफिदी हसत होत्या. त्यांना या संगीतातलं ओ की ठो कळत नाही. सहा महिन्यांपूर्वी मी अशा वेळी टेबलाखाली शिरले असते. पण शाळेची वादविवाद स्पर्धा जिंकल्यापासून माझा आवाज माझं ऐकतच नाही.

डूगलने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. तो एकट्याने, घरामागच्या शेडमधून, जुन्या बँडांच्या रेकॉर्डी पुन्हा काढतो. “बेटा, सायकेडेलिक संगीत असंच असतं. मन उघडं ठेवून ऐकायचं.”

पुढच्या रांगेत माझे आजोबा मांडीवर टोपी धरून बसले होते. तरुणपणी ते ‘पितळी वॉम्बॅट’ बँडमध्ये ऑर्गन वाजवायचे. बँडच्या एकुलत्या एक रेकॉर्डला तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं, आज लोक ती सोन्याच्या भावाने घेतात. डूगल ती पुन्हा काढत होता, आणि सोबत आजोबांच्या गॅरेजात सापडलेली, कुणीच न ऐकलेली एक टेप. सोमवारी ती रेकॉर्डी छापायच्या कारखान्यात जायची होती.

आजोबांना हवा होता फक्त त्या टेपचा शेवट. तुकडा संपता संपता आजी कॉफीचा ट्रे घेऊन गॅरेजात आली, वायरीत अडखळली, सगळे कप फोडले आणि अशी अस्सल इटालियन शिवी हासडली की बँडने ती कापलीच नाही. आजी जाऊन दोन वर्षं झाली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

“सुरुवातीचा तो चमत्कार ऐकलात ना?” डूगल सगळ्यांना सांगत होता. “काचा खळखळत एकत्र येतात, मग धाडकन शांतता! आणि त्याआधी तो भिक्षूचा गूढ मंत्र! मी पुस्तिकेत दोन पानं लिहिलीयेत त्यावर.”

काचा? सुरुवातीला?

म्हणजे माझी चेष्टाच खरी निघाली! मी खुर्चीवरच चढले. “तो भिक्षू नाही, माझी आजी आहे! आणि ती शेवटी येते!”

दाढ्या डोलायच्या थांबल्या. “नोन्नो, तुम्ही सांगा ना!” मी आजोबांना म्हटलं.

आजोबांनी टोपी गोल फिरवली. “मला पहिल्यापासून वाटत होतं गं. पण एवढी शिकलेली माणसं माना हलवतायत. म्हटलं, आम्हीच तेव्हा उलटं वाजवलं असेल.”

“डूगल, टेप आधी गुंडाळून घेतली होतीस का?” मागून कुणीतरी विचारलं.

डूगलच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पूर्वी टेप वाजवून झाली की तशीच डब्यात ठेवायचे, शेवटचं टोक बाहेर. पुन्हा लावण्याआधी ती परत गुंडाळावी लागते, नाहीतर उलटी वाजते. या पठ्ठ्याने डब्यातून काढून थेट मशीनवर चढवली होती. मूळ टेप फिरताना भक्तांना दिसावी म्हणून ते मशीनही दुकानातच आणलेलं.

त्याने मुकाट्याने टेप गुंडाळली. या वेळी ऑर्गन लाटेसारखा चढत गेला, ढोल दौडले, क्लेमनेसुद्धा चिप्स चावायचं थांबवलं. आणि मग धाडकन! खळ्ळ!

“पोर्का मिझेरिया, रेन्झो! माझे लग्नातले कप!”

रेन्झो, म्हणजे माझे आजोबा, यांनी स्पीकरकडे बोट केलं. “ऐकलंस?” ते मला म्हणाले. “पाय हिचा अडकला, आणि ओरडा मला.” मग नाक पुसलं आणि डूगलला म्हणाले, “अजून एकदा लाव रे.”

“उलटंच जास्त खोल होतं,” एक दाढी पुटपुटली.

“डूगल,” मी विचारलं, “तुझी ती सगळ्यात जास्त खपलेली रेकॉर्ड, त्या टास्मानियातल्या बँडची, ती टेप गुंडाळून घेतली होतीस?”

त्याने कान खाजवला. मग म्हणाला, “तू शनिवारी काय करतेस?”

घरी आई नेटबॉलच्या चेंडूंत हवा भरत होती. आमच्या संघाची प्रशिक्षक तीच. बाबा भांडी घासत होते. मी दारातच उभी राहिले.

“आई, बाबा, या शनिवारपासून मी नेटबॉलला येणार नाही. डूगलच्या शेडमध्ये डब्यांचा ढीग पडलाय, आणि त्यातली एकही टेप मी ऐकल्याशिवाय कारखान्यात जाणार नाही. आई, बोल. पण जपून. आपल्या घरातल्या शिव्यांच्या रेकॉर्डी निघतात.”