शनिवारची पट्टी

रोज सकाळी उठल्यापासून आठ वाजेपर्यंत आजी बोलत नसत. बारा वर्षं पाळलेलं व्रत होतं ते. दिवा लागे, दूध तापे, नातीची वेणी घातली जाई, सगळं मुक्यानं. आठ वाजले की पहिला शब्द देवाचा आणि दुसरा नातीचा. त्या सोमवारी मात्र सव्वानऊ होऊन गेले तरी आजींच्या तोंडून अक्षर फुटलं नव्हतं.

"आईचं मौन आज लांबलं वाटतं," आतल्या खोलीतून मुलगा म्हणाला. कालपासून त्याच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता, पण जीभ शाबूत होती. "माझं पोट आणि आईचं तोंड, दोघं एकदम संपावर!"

त्याच्या विनोदाला कोणी हसलं नाही. त्याच्या शेजारी सात वर्षांची टिल्ली पिळून टाकलेल्या फडक्यासारखी पडली होती. सून तिच्या उशाशी बसून चमच्या-चमच्यानं मीठसाखरेचं पाणी पाजत होती, आणि दर दोन चमच्यांनी घड्याळाकडे बघत होती. दहा वाजता तिला रुग्णालयातल्या साहेबांना फोन करायचा होता.

आजी स्वयंपाकघरात कोरडा ओटा पुन्हा पुसत होत्या.

सून एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघराची प्रमुख होती. चारशे रुग्णांची ताटं तिच्या नजरेखालून जात. दोन वर्षांपूर्वी तिनं तिथली शिस्त घरी आणली. कच्ची अंडी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, शिजलेलं वर. उरलेला भात पसरट ताटात पसरून लगेच गार करायचा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी, पट्टीवर शिजवल्याचा वार आणि वेळ. पट्टीवरच्या वारानंतरचा दिवस संपला की डबा बघायचाही नाही, सरळ कचऱ्यात.

"मलाही एक पट्टी लाव," मुलगा तेव्हा म्हणाला होता. "कधीचा आहे ते लिही, म्हणजे टाकायला बरा."

"तुझी मुदत केव्हाच संपली," सून म्हणाली होती. "आईंकडे बघून ठेवून घेतलंय."

आजींनी हे सारं निमूटपणे शिकून घेतलं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. पट्ट्या लिहिण्याचं काम आपसूकच त्यांच्याकडे आलं. फक्त डबा कचऱ्यात उपडा करताना त्यांचे हात जड होत. अन्नाला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या त्या. भात केरात पडताना बघायला नको म्हणून त्या तोंड फिरवून उभ्या राहत.

शुक्रवारी संध्याकाळी मुलाचे सहा मित्र जेवायला यायचे होते. सुनेची रात्रपाळी होती, म्हणून आजींनी मोठं पातेलं भरून भात केला. ऐनवेळी मित्रांचा निरोप आला, जमत नाही. पातेलं पसरायला एवढी ताटं कुठून आणायची? आजींनी ते झाकून मागच्या गॅलरीत गार व्हायला ठेवलं, पोथी घेऊन बसल्या, आणि विसरल्या.

आठवण झाली ती शनिवारी भर दुपारी. गॅलरीत ऊन आलं होतं, पातेल्याची कड कोमट लागत होती. आजींनी झाकण काढून वास घेतला. आंबूस नव्हता, चिकट नव्हता, दाणा न् दाणा मोकळा. सहा माणसांचं अन्न! त्यांनी ते डब्यात भरलं, पट्टी फाडली आणि पेन हातात धरून थांबल्या. 'शुक्रवार' लिहिलं तर आज रात्री फ्रीज आवरताना सून डबा रिकामा करणार.

त्यांनी 'शनिवार दुपार' असं लिहिलं.

मग स्वतःची समजूत घातली: फ्रीजमध्ये गेला तो शनिवारी दुपारीच ना? मग यात खोटं काय?

रविवारी सून पुन्हा कामावर. आजींनी त्यातला भात काढून कांदा, मटार, गाजर घालून परतला, चांगला डोळ्यांत वाफ जाईपर्यंत. मुलानं दोनदा मागून घेतला. टिल्लीनं वाटी चाटली. आजींचं जेवण एकवेळ, तेही दिवस मावळल्यावर, आणि रविवारी तर त्या धान्य घेतच नसत. तीन तासांत आधी टिल्ली, मग तिचा बाप, दोघांच्या उलट्या सुरू झाल्या. आजी बादल्या धुत होत्या आणि देवाला हाका मारत होत्या, पण डब्याचं नाव त्यांनी देवापुढेही काढलं नाही.

संध्याकाळी सून आली, डॉक्टरांशी फोनवर बोलली, दोघांच्या कपाळावर हात ठेवला आणि तडक फ्रीज उघडला.

"काय खाल्लं दुपारी?"

"भात," मुलगा आतून म्हणाला. "आता तो शब्दही काढू नकोस."

सुनेनं उरलेला डबा बाहेर काढला. पट्टी वाचली आणि डबा परत ठेवला.

"शनिवार दुपार. आईंचं अक्षर आहे, म्हणजे प्रश्नच मिटला. भात नाही." मग ती स्टुलावर बसली आणि स्वतःच्या हातांकडे बघू लागली. "म्हणजे मीच आणलं हे घरात."

तिच्या हाताखाली एक आचारी होते. काहीही चाखताना चमच्यावर फुंकर मारायची त्यांची जुनी खोड. सगळे त्यांना फुंकरकाका म्हणत, आणि त्यापायी त्यांना दोन लेखी ताकिदी मिळाल्या होत्या. गेल्या मंगळवारी त्यांचं पोट बिघडलं. नियम असा की उलट्या-जुलाब थांबल्यावरही दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. ते बुधवारीच आले, हात जोडून उभे राहिले, आणि सुनेनं त्यांना घेतलं.

"साहेबांना कळवायला हवं," ती नवऱ्याला म्हणाली. "तिसऱ्या ताकिदीला काकांना काढतीलच. पण माझ्याच पोरीपर्यंत आलं म्हटल्यावर उद्या रुग्णांपर्यंत जाईल. सकाळी दहाला साहेब भेटतात फोनवर."

आजी दारात उभ्या होत्या. त्या संध्याकाळी तर मौन नव्हतं.

आता दहाला दहा मिनिटं कमी होती. सुनेनं फोन हातात घेतला, चार ओळी कागदावर लिहून ठेवल्या होत्या त्या मनातल्या मनात वाचल्या. आजींच्या हातातलं फडकं थांबलं. दोन तास त्या देवाच्या व्रताआड लपल्या होत्या, आणि हे देवाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

"शुक्रवार," आजी म्हणाल्या.

"काय, आई?"

"तो भात शुक्रवारचा होता. मी शनिवार लिहिलं."

आतली खाट करकरली. मुलगा उठून बसला असावा.

आजींना वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. सुनेनं कागद उलटा केला आणि पेन उघडलं.

"किती वाजता उतरवला?"

"सात."

"कुठं ठेवला?"

"मागच्या गॅलरीत. झाकून."

"आत कधी गेला?"

"शनिवारी... साडेबारा झाले असतील."

"साडेसतरा तास." सुनेनं ते लिहिलं.

"मी चांगला कढत केला होता गं. हाताला चटके बसत होते."

"भात असा बाहेर राहिला की त्यात विष तयार होतं, आई. तापवून जंतू मरतील, पण विष जात नाही. आणि त्याला वासही येत नाही."

"हे तू मला..."

"सांगितलं नव्हतं," सून म्हणाली. "तुम्ही पट्टी लिहिता म्हटल्यावर सांगायची गरज वाटली नाही."

ती हे चिडून बोलली नव्हती. आजींना मान वर करवेना.

दहा वाजता फोन लागला. सून खिडकीशी उभी राहून बोलली. "हो साहेब, कारण घरातच सापडलं. भात बाहेर राहून गेला होता... नाही, फुंकरकाकांचा याच्याशी काही संबंध नाही. त्यांना बुधवारी घेतलं ती चूक माझी. ती माझ्या नावावर लिहा."

फोन ठेवल्यावर आजी म्हणाल्या, "पट्टीचं नाही सांगितलंस?"

"त्यांच्या कामाचं होतं तेवढं सांगितलं."

"माझं नाव घ्यायचं होतंस गं."

"आई, घरातल्या माणसाचं नाव तिथं कशाला घ्यायचं?"

आजींना वाटलं, नाव घेतलं असतं तर निदान कुठंतरी नोंद तरी झाली असती. आता ते त्यांच्याजवळच राहणार होतं.

बाराच्या सुमाराला टिल्लीनं डोळे उघडले आणि भूक लागली म्हणाली. मुलगा हसला, सुनेला रडू फुटलं.

"आई, पातळ भात करता? अगदी पेजेसारखा. मी जरा पाठ टेकते."

"तू ये ना इथं. उभी राहा जवळ."

"भात करायला मी कशाला हवी? तुम्ही करा."

आजींनी साबणानं दोनदा हात धुतले. मूठभर तांदूळ घेतले, भरपूर पाण्यात इतके शिजवले की दाणा उरला नाही, किंचित मीठ घातलं. पेज वाटीत घेतली, निवेपर्यंत वाटीजवळून हलल्या नाहीत. मग आत जाऊन टिल्लीच्या शेजारी बसल्या आणि चमचा पुढं केला.

आजीच्या हातून टिल्ली काहीही खाई. डोळे मिटून तोंड उघडे, काय आहे ते नंतर विचारी. आज तिनं चमच्याकडे पाहिलं. मग आजीच्या खांद्यावरून पलीकडं, आडव्या झालेल्या आईकडे पाहिलं, आणि थांबली.

"खा," तिची आई म्हणाली. "ताजा आहे."

टिल्लीनं तोंड उघडलं. आजींनी पहिला घास भरवला, दुसरा भरवला, आणि वाटी रिकामी होईपर्यंत त्यांनी चमच्यावरची नजर उचलली नाही.