एकाच पोटात दोन प्रती

मित्रांनो, मी बिघडलेली नाही. माझ्या पाठीवर जाड काळ्या शाईने 'खराब' असे लिहिले आहे, पण ते धडधडीत खोटे आहे. मी एक जुनी, पण धडधाकट हार्ड डिस्क आहे. चूक माणसांनी केली आणि खापर माझ्यावर फोडले. ऐकायला कुणी तयार असेल, तर सगळे पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म कारखान्यातल्या एका खोलीत झाला. ती इतकी स्वच्छ, की तिथली माणसे नखशिखांत पांढरे कपडे घालून वावरत. त्याला कारण होते. माझ्या पोटात आरशासारख्या चकचकीत तबकड्या आहेत. वीज मिळाली की त्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक दांडी सरकते. तिच्या टोकाला वाचणारे-लिहिणारे डोके असते. गंमत अशी, की काम चालू असताना ते तबकडीला टेकत नाही. फिरण्याने जो वारा उठतो त्यावर ते तरंगत राहते, आणि मधली फट एवढी अरुंद, की धुळीचा साधा कणही तिथे डोंगर ठरावा. तबकडीवर चुंबकाचा पातळ थर असतो. त्यावरच्या अतिसूक्ष्म ठिपक्यांची तोंडे ते डोके इकडे किंवा तिकडे वळवून ठेवते. एवढीच माझी लिपी. गाणे असो, फोटो असो की कुणाचे रडणे, माझ्याकडे सगळे याच दोन तऱ्हांनी लिहिले जाते. वीज गेली तरी माझे ठिपके तोंड फिरवत नाहीत. माणसांबद्दल मी असे म्हणणार नाही.

मला एका छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला लावले. भिंतींना फोम चिकटवलेला, मध्ये जाड काच, काचेपलीकडे मायक्रोफोन आणि अलीकडे कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरच्या पोटात मी. स्टुडिओच्या मालकांना सगळे 'साउंडवाले' म्हणत. त्यांचा कान मोठा तयार होता. समोरचा माणूस उपाशी आहे की जेवून आला आहे, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळे. सुरुवातीला ते माझे फार कौतुक करायचे. "हिच्यात कितीही कोंबा, हूं की चूं करत नाही," असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

साउंडवाल्यांची एक पद्धत होती. महत्त्वाचे काम झाले की ते त्याची दुसरी प्रत करून 'सुरक्षित' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवत. ऐकायला शहाणपणाचे वाटते ना? पण तो फोल्डरही माझ्यातच होता! घराला दोन किल्ल्या करायच्या आणि दोन्ही आत ठेवून दार ओढून घ्यायचे, त्यातलाच हा प्रकार. अनेक वर्षे काही झाले नाही, म्हणून ती पद्धत बरोबर आहे असे सगळ्यांना वाटत राहिले.

एके दिवशी एक शिक्षिका आल्या. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी होती. आई तिला 'बबडी' म्हणे. बाईंच्या घशात गाठ झाली होती, आणि ती काढताना स्वरयंत्रही काढावे लागणार होते. म्हणजे त्यांचा आवाज कायमचा जाणार होता. बबडीला बाहेर बाकावर बसवून बाई आत आल्या.

"रोज रात्री गोष्ट ऐकल्याशिवाय झोपत नाही हो ती," त्या मालकांना म्हणाल्या. "तेवढ्या गोष्टी रेकॉर्ड करून द्या. आणि थोडं रागावणंही घ्या."

"रागावणं?"

"मग! नुसत्या गोष्टी ऐकून पोर डोक्यावर बसेल."

साउंडवाले हसले. मग जमेल तशा बाई येत राहिल्या. आवाज बसत चालला होता, घोट घोट पाणी पीत त्या बोलायच्या. आळशी शिंप्याची गोष्ट, चष्मा हरवलेल्या मांजराची गोष्ट, "ऊठ गं, उन्हं डोक्यावर आली," "दप्तर कोणी भरायचं, मी?" सगळे मी टिपून घेतले. शेवटचा तुकडा बबडीने मोठेपणी ऐकायचा होता. त्यात काय होते ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते फक्त तिचे होते.

बाईंना सगळे लगेच घरी न्यायचे होते. "खरखर काढून, स्वच्छ करून देतो," साउंडवाले म्हणाले. "दोन-दोन प्रती ठेवल्यात बाई. तुम्ही बिनघोर ऑपरेशन करून या."

बाई गेल्या आणि गाद्यांची एक जाहिरात आली. त्या गादीवाल्याला एकच वाक्य नाना तऱ्हांनी बोलून हवे होते, आणि माझ्यात जागा उरली नव्हती. साउंडवाल्यांनी बाईंचा फोल्डर पुसला. दुसरी प्रत 'सुरक्षित'मध्ये आहेच, असा त्यांचा हिशेब. त्या जागेवर मी निमूटपणे गादीची स्तुती लिहून घेतली.

पुढच्या आठवड्यात त्यांचा मेहुणा आला. त्याने कॉम्प्युटरचा कुठलासा कोर्स अर्धवट सोडला होता, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर. "भाऊजी, काय हे मशीन कोंदलंय! थांबा, मी करतो साफ," म्हणत तो बसला. त्याला 'सुरक्षित' दिसले. मूळ फाइली जागेवर असणारच, मग ही डबल भरताड कशाला, असे म्हणून त्याने तेही पुसून टाकले. दोघांनी एकेक प्रत पुसली आणि दोघांनाही वाटले, दुसरी आहे. एकमेकांना विचारायला दोघांना तोंड होते. ते कुणी उघडले नाही.

आता नीट ऐका, कारण हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुसले म्हणजे लगेच नाहीसे होत नाही. कुठली फाइल कुठे ठेवली आहे, याची माझ्यात एक अनुक्रमणिका असते. पुसताना कॉम्प्युटर त्यातली नोंद काढतो आणि ती जागा मोकळी धरतो. ठिपके मात्र तसेच राहतात, त्यांच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. म्हणजे 'सुरक्षित'मधला बाईंचा आवाज माझ्यात पूर्ण शाबूत होता. शिंपी, मांजर, दप्तर, तो शेवटचा तुकडा, सगळे होते. फक्त त्यांचा पत्ता हरवला होता.

बाई परत आल्या त्या गळ्याला रुमाल बांधून. त्यांच्या वतीने आता बबडी बोलायची. "आई म्हणते, गोष्टी न्यायला आलोय," ती म्हणाली. साउंडवाल्यांनी शोधले, पुन्हा शोधले, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मेहुण्याला फोन केला, तसा तो धावत आला.

मित्रांनो, त्या घडीला त्यांनी मला नुसते बंद केले असते आणि एखाद्या जाणकाराकडे नेले असते, तर सगळे परत मिळाले असते. पण मेहुणा गप्प बसेल तर तो मेहुणा कसला! पुसलेले शोधून देणारा एक प्रोग्राम त्याने उतरवला, तोही माझ्यावरच, त्या 'मोकळ्या' जागेत. तिथे चष्मा हरवलेले मांजर होते. त्याची अर्धी गोष्ट तिथेच चिरडली गेली. तरी पडद्यावर फाइलींची नावे एकामागून एक उमटली. बबडी खुर्चीवर चढून ओरडली, "आई, शिंपी आहे! आई, सगळे आहेत!"

"बघा, मी होतो म्हणून," मेहुणा म्हणाला. सापडलेले कुठे ठेवू, असे प्रोग्रामने विचारले. खाली बारीक अक्षरांत इशारा होता, 'याच डिस्कवर ठेवू नका.' तो बाईंनी वाचला. जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेली नजर ती, तिच्यातून काय सुटणार! त्या पुढे झाल्या, पडद्यावर बोट ठेवले, मान जोरजोरात हलवली. रुमालाखालून नुसता वारा आला. त्यांनी टेबलावर हात आपटला.

"बाई, स्क्रीनला हात नको," मेहुणा म्हणाला. "झालंच, दोन मिनिटं धीर धरा." आणि त्याने बटण दाबले.

हुकूम मोडणे मला येत नाही. एक फाइल उचलायची आणि दुसरीच्या अंगावर ठेवायची, हेच मी करत राहिले. शिंप्यावर मांजर, मांजरावर दप्तर, आणि बबडीने मोठेपणी ऐकायचे जे होते, त्याच्यावर शिंप्याची शिवण. मग त्यांनी ऐकून पाहिले. कुठे अर्धा शब्द, कुठे भलत्याच गोष्टीचे शेपूट, बाकी सगळी खरखर. सर्वांत आधी उचललेली, पहिल्या दिवशी माइक तपासताना झालेली चाचणीची फाइल तेवढी धड निघाली; ती बाईंनी आपल्या फोनवर घेतली.

"डिस्कच गेलीये हो," मेहुणा म्हणाला. "जुनी होती. आता याला आमचा काय इलाज?" साउंडवाल्यांना खरे ठाऊक होते. तरी त्यांनी खाली मान घालून होला हो मिळवला. ज्या बाईंच्या एका हाकेने अख्खा वर्ग चिडीचूप होत असे, त्यांना त्या दोघांना दोन शब्द सुनावताही आले नाहीत.  मला त्या दोघांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मग मेहुण्याने मला बाहेर ओढले, पाठीवर तो शब्द लिहिला आणि मला कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाला. तेव्हा बबडीने हात पुढे केला. "आईचा आवाज हिच्यात होता ना? मग मला द्या," ती म्हणाली.

तर मित्रांनो, जे गमावून चालणार नाही, त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा, जमल्यास दुसऱ्या घरात ठेवा. चुकून पुसलेत, तर हात आवरा आणि आम्हाला बंद करून जाणकाराकडे न्या. आमच्या जागी आलेल्या नव्या, न फिरणाऱ्या डिस्कच्या भरवशावरही राहू नका. तिच्यातले पुसलेले पुष्कळदा शोधायलासुद्धा उरत नाही. एवढे सांगूनही तुम्ही ऐकाल, याची मला खात्री नाही. साउंडवालेही काही मूर्ख नव्हते.

मी आता बबडीच्या उशाशी असते. झोपण्याआधी ती आईच्या फोनवर ती चाचणीची फाइल लावते. फाइल एवढीशी आहे. त्यात बाई घसा खाकरतात आणि काचेपलीकडून विचारतात, "झालं का सुरू? बोलू का?" तिथेच ती संपते. बाई शेजारी बसून मुलीच्या केसांतून हात फिरवत असतात. बबडी मला कानाशी घट्ट धरते आणि म्हणते, "हो आई, बोल ना."